वर्डप्रेस प्लगइनसाठी नव्या कल्पना: कुठे शोधाव्यात, कशा पारखाव्यात

‘नवं प्लगइन कशाचं करावं?’ असा प्रश्न समोर ठेवून चार जण बसले, की पाच मिनिटांत फळ्यावर एसईओ (शोधयंत्रांत साइट वर आणणं), बॅकअप, सोशल शेअरिंग आणि संपर्क फॉर्म ही नावं येतात आणि गाडी तिथेच अडते. वर्डप्रेस ही ब्लॉग आणि साइट चालवण्याची प्रणाली, आणि प्लगइन म्हणजे तिला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम. तिच्या अधिकृत भांडारात ६० हजारांच्या घरात प्लगइन्स आहेत. या चार विषयांवर तिथे हवी तेवढी मिळतील. बसलेले लोक कल्पक नसतात असं नाही, प्रश्नच मोघम असतो. ‘दर रविवारी लेख टाकणाऱ्या माणसाचं काम नेमकं कुठे अडतं?’ असं विचारलं तर उत्तरं बदलतात. मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ती फारच बदलतात, कारण या प्रणालीचा पाया रोमन लिपी गृहीत धरून घातला गेला आणि देवनागरीच्या बऱ्याच अडचणी अजून कोणी हातातच घेतलेल्या नाहीत.

आधी आठवडाभर नोंदी

बैठकीच्या आठवडाभर आधी दोन-तीन नियमित लिहिणाऱ्या ब्लॉगरांना एक वही किंवा स्प्रेडशीट द्या. त्यात चारच रकाने ठेवा: काय करत होतो, कुठे अडलो, कशी वाट काढली, किती मिनिटं गेली. ‘तुम्हाला काय हवं?’ हा रकाना मुद्दाम टाळा. तो ठेवला की लोक दुसरीकडे पाहिलेलं बटण मागतात आणि मूळची अडचण लपून राहते.

नोंद कधी करायची हेही आधी सांगून ठेवावं. एकच क्रिया तिसऱ्यांदा करावी लागली तेव्हा, वर्डप्रेसचा पडदा सोडून दुसऱ्या साइटवर जावं लागलं तेव्हा, आणि कंटाळून एखादी गोष्ट सोडून दिली तेव्हा. यातला दुसरा प्रसंग सगळ्यात मोलाचा. लेखक मजकूर कॉपी करून फाँट कन्व्हर्टरमध्ये टाकतो, तिथून परत आणतो, मग शुद्धलेखनासाठी आणखी एका साइटवर जातो. यातली प्रत्येक फेरी म्हणजे एक संभाव्य प्लगइन आहे.

शक्य असेल तर एकदा लेखकाच्या शेजारी बसून लेख प्रकाशित होताना शेवटपर्यंत पाहा. मध्ये बोलू नका, मदत करू नका. ब्राउझरमध्ये किती टॅब उघडले आणि कशासाठी, एवढंच टिपा. रोजच्या सवयीची झालेली अडचण लेखक स्वतः कधी सांगत नाही, कारण त्याला ती अडचण वाटेनाशी झालेली असते.

याच्या जोडीला भांडारातही खणून ठेवावं. प्रत्येक प्लगइनच्या पानावर मदतीचा विभाग आणि परीक्षणं असतात. तुमच्या विषयाजवळची पाच-सहा प्लगइन्स निवडा आणि त्यांची एक व दोन तारे असलेली परीक्षणं वाचा. ‘अपडेट केल्यावर बिघडलं’ ही तक्रार बाजूला ठेवा. ‘बाकी छान आहे, पण अमुक होत नाही’ हे वाक्य मात्र उतरवून घ्या. ‘अडॉप्ट-मी’ असा टॅग लावलेली प्लगइन्सही पाहा. मूळ लेखकाला सांभाळणं जमत नाही, पण वापरणारे आहेत, अशी ही प्लगइन्स असतात. दुसऱ्या भाषांतल्या लोकांनी काय केलंय हेही बघण्यासारखं आहे. सिरिलिक लिपीतले पत्ते रोमन लिपीत आणणारं ‘सिर-टू-लॅट’ अनेक वर्षं वापरात आहे. त्याची गरज ज्या कारणाने निर्माण झाली तेच कारण मराठीलाही लागू आहे.

एका तक्रारीतून पाच कल्पना: पत्त्याचं उदाहरण

नोंदीत आलेली तक्रार अशी समजा: ‘मालिकेतल्या सगळ्या भागांच्या लिंक सारख्याच दिसतात, आणि व्हॉट्सॲपवर टाकल्या की टक्क्याच्या चिन्हांच्या चार-चार ओळी होतात.’ कल्पना सुचवण्याआधी तक्रारीचं कारण तळापर्यंत शोधावं. इथे ते असं आहे.

लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, डेटाबेसच्या ज्या रकान्यात ठेवला जातो त्याची मर्यादा २०० खुणांची (कॅरॅक्टरांची) आहे. देवनागरीतला प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका वर्णाला ९ खुणा लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. २०० खुणांत जेमतेम २२ वर्ण बसतात. ‘शिवकालीन किल्ल्यांची स्थापत्यरचना: भाग १’ हे शीर्षक घ्या. पहिल्या शब्दाचे ८ वर्ण, दुसऱ्याचे ११, मधल्या दोन आडव्या रेघा. १७३ खुणा इथेच संपल्या. उरलेल्या २७ मध्ये ‘स्थ’ एवढंच मावतं. भागाचा आकडा पत्त्यात पोहोचतच नाही, म्हणून दुसऱ्या भागाला जवळपास तोच पत्ता मिळतो आणि शेवटी -२, -३ असे आकडे लागत जातात.

कारण कळल्यावर वाटा दिसू लागतात. शीर्षकाचं आपोआप रोमन लिप्यंतर करून स्लग बनवणं ही पहिली. यासाठी शीर्षकाचा स्लग होतो त्या ठिकाणचा ‘सॅनिटाइझ टायटल’ फिल्टर, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपला कोड घालण्याची जागा, पकडावा लागतो. इथे बिघडतं ते उच्चारात: वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीच्या इंटल विस्तारातलं तयार लिप्यंतर शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘अ’ही लिहितं आणि ‘घर’चं ‘घरा’ असं वाचलं जातं. त्यासाठी मराठीपुरते वेगळे नियम लिहावे लागतील, शिवाय स्वस्त होस्टिंगवर इंटल विस्तार असेलच असं नाही. दुसरी वाट म्हणजे काहीही न बदलता, शीर्षक लिहितानाच ‘पत्ता इथे तुटेल’ अशी खूण दाखवणं. तिसरी, मालिकेतला लेख असेल तर भागाचा आकडा स्लगच्या सुरुवातीला नेणं. चौथी, जुन्या लेखांचे तुटके पत्ते एकामागून एक दुरुस्त करणारा पडदा. लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवतं, त्यामुळे हे करता येतं. ‘पेज’ प्रकारच्या पानांना मात्र ही सोय नाही, हे पडद्यावर स्पष्ट लिहावं लागेल.

पाचवी वाट सगळ्यात छोटी आहे. प्रत्येक लेखाला त्याच्या क्रमांकाचा एक आखूड पत्ता वर्डप्रेसमध्ये आधीपासून असतोच आणि तो उघडला की मूळ लेख येतो. तो कॉपी करण्याचं एक बटण संपादकात आणि लेखाखाली दिलं, की व्हॉट्सॲपचा प्रश्न सुटतो. दीडशे ओळींच्या आत होणारं हे काम आहे. पहिलं प्लगइन करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे.

मराठीतल्या आणखी काही खाणी

शोध हा त्यातला सगळ्यात समृद्ध विषय. वर्डप्रेसचा मूळ शोध टाइप केलेला शब्द जसाच्या तसा मजकुरात आहे का एवढंच बघतो. ‘शाळा’ शोधलं तर ‘शाळेत’, ‘शाळेच्या’ सापडत नाही, कारण मराठीत प्रत्ययाआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. याहून छुपा घोळ वर्णांचा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह) वापरूनही लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲप’मधला ॲ एकच वर्ण असू शकतो किंवा अ आणि वर चंद्र असे दोन. फोनचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, संगणकावरचा दुसरी, आणि वाचकाला ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांचं) प्रमाणीकरण केलं तर र अधिक नुक्ता यांचा एक ऱ होतो, पण जोडकाची पद्धत तशीच राहते; ती हाताने लिहिलेल्या नियमाने बदलावी लागते. इथून निघणाऱ्या कल्पना: लेख जतन करताना मजकुराची एक प्रमाणित प्रत वेगळी ठेवणं, शोधशब्दावर तेच नियम लावणं, नेहमीच्या प्रत्ययांची रूपं जोडून शोधणं. मूळ मजकुराला मात्र हात लावू नये. लेखकाने जे लिहिलं ते तसंच राहिलं पाहिजे.

तारखांचे आकडे हा दुसरा. साइटची भाषा मराठी केली की महिन्यांची नावं मराठी होतात, आकडे इंग्रजीच राहतात. ‘डब्ल्यूपी डेट’ फिल्टरवर दहा आकड्यांची अदलाबदल केली की झालं असं वाटतं आणि तिथेच बरेच जण फसतात. तीच तारीख थीम एचटीएमएलच्या ‘डेटटाइम’ गुणधर्मात यंत्रासाठीही छापते. तिथे देवनागरी आकडे गेले की तारीख यंत्राला वाचता येत नाही. फिल्टरला तारखेचा साचाही मिळतो. तो यंत्रासाठीचा असेल तर काही न करता परत फिरावं.

अकारविल्हे यादीचाही प्रश्न आहे. शब्दकोश, पाककृती किंवा लेखकसूची मांडताना युनिकोडच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल नंतर येतो आणि क्ष हा क च्या पोटात जातो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ह नंतर येतात.

वाचनाचा वेळ दाखवणाऱ्या प्लगइन्समध्ये पीएचपीचं ‘स्ट्रिंग वर्ड काउंट’ हे फंक्शन वापरलेलं असेल तर देवनागरीत शब्द चुकीचे मोजले जातात आणि लांबलचक लेखही ‘१ मिनिट’ दाखवू शकतो. मोकळ्या जागांवर मजकूर तोडून मोजलं की हे सुटतं. मिनिटाला किती शब्द हे मालकाला ठरवू द्यावं.

साइट इंग्रजी आणि काही लेख मराठी अशी मांडणी परदेशी राहणाऱ्या मराठी ब्लॉगरांकडे खूप दिसते. अशा साइटवर सगळ्या पानांची भाषा ‘इंग्रजी’ म्हणून जाहीर होते. परिणामी स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामला, कोणत्या भाषेत वाचायचं ते कळत नाही, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल व श वेगळे दिलेले असतात तिथेही हिंदी वळणाची अक्षरं उमटतात. लेखागणिक भाषा ठरवणारी एक छोटी चौकट एवढंच या प्लगइनचं काम, पण दृष्टिहीन वाचकासाठी त्याने फार मोठा फरक पडतो.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवताना रूपांतर करणं ही कल्पना प्रत्येक बैठकीत येते. येऊ द्या, पण सावध राहा. प्रत्येक फाँटची वर्णजुळणी वेगळी असते. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. एका फाँटपासून सुरुवात करावी आणि तेवढंच नावात लिहावं.

बैठक: बोलण्याआधी लिहिणं

चार ते सहा माणसं पुरेत. त्यात निदान दोघं प्रोग्रामिंग न करणारे ब्लॉगर हवेत, आणि एक जण असा हवा जो ब्लॉग फक्त फोनवर वाचतो. सगळेच डेव्हलपर असतील तर कल्पना लेखकाच्या अडचणीकडून घसरून तंत्राच्या आवडीकडे जातात.

गोलाकार बसून मोठ्याने कल्पना सांगण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ती कमी फळते. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या अभ्यासात एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्या तेव्हा त्या तेवढ्याच माणसांच्या गटापेक्षा जास्त भरल्या. डील आणि स्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये याचं मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात त्यांचे विचार निसटतात. त्यामुळे बर्न्ड रोरबाख यांची १९६८ ची ६-३-५ पद्धत वापरावी: ६ माणसं, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटांची फेरी. फेरी संपली की कागद शेजाऱ्याकडे जातो आणि तो आधीच्या कल्पना वाचून त्यावर आपल्या तीन लिहितो. सहा जणांत अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात, चौघांत २० मिनिटांत ४८. पुनरावृत्ती होणारच, ती नंतर गाळता येते.

नोंदवहीतल्या तक्रारींपैकी आठ-दहा निवडून मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा आणि प्रत्येक फेरीला वेगळी अट घाला. पहिल्या फेरीत तक्रार सरळ सोडवायची. दुसरीत लेखकाला एकही जादा क्लिक न करायला लावता सोडवायची. तिसरीत त्याच प्रश्नाकडे स्वस्त फोन आणि अडखळत्या नेटवर्कवरच्या वाचकाच्या बाजूने बघायचं. चौथीत काहीतरी काढून टाकून सोडवायची: एखादा पडदा लपवून, पर्याय कमी करून, आपोआप होणारी क्रिया थांबवून. या चौथ्या फेरीतून हमखास चांगलं काही निघतं, कारण बहुतेक प्लगइन्स भर घालतात आणि लेखकांची निम्मी दमछाक त्या भरीमुळेच होते.

लिहिण्याच्या वेळात ‘हे आधीच आहे’, ‘हे जमणार नाही’ असं कोणी म्हणायचं नाही. आणि संगणक बंद ठेवायचे. नाहीतर पहिल्याच कल्पनेला कोणीतरी भांडारात शोधत बसतो.

पारख

गाळणीला दुसरा दिवस घ्यावा. त्याच संध्याकाळी निवड केली तर सगळ्यात उत्साहाने मांडलेली कल्पना जिंकते.

प्रत्येक कल्पना एका वाक्यात लिहून बघा: कोण, कोणत्या क्षणी, काय न करता मोकळा होतो. ‘मालिका लिहिणाऱ्याला भाग प्रकाशित करताना मागच्या-पुढच्या भागांच्या लिंक हाताने घालाव्या लागत नाहीत’ हे वाक्य उभं राहतं. ‘ब्लॉगरांसाठी सर्वसमावेशक मराठी साधनपेटी’ उभं राहत नाही. ते पाच प्लगइन्सचं गाठोडं आहे. सोडवून वेगळं करा.

मग भांडारात पाच वेगवेगळ्या शब्दांनी शोधा. काही सापडलं म्हणून कल्पना लगेच टाकू नका, ते बसवून मराठी मजकुरावर चालवून पाहा. सापडलेलं प्लगइन देवनागरीतच अडत असेल तर नवं लिहिण्याऐवजी त्याच्या लेखकाला दुरुस्ती पाठवणं कधीकधी सगळ्यांच्या फायद्याचं ठरतं. गाभ्यातच ती सोय येऊ घातलेली नाही ना, हेही वर्डप्रेसच्या विकासाच्या तिकिटांत (बदलांच्या जाहीर नोंदींत) बघून घ्यावं.

पुढचा प्रश्न हुकाचा, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपला कोड कुठे अडकवायचा याचा. हे काम कोणत्या क्षणी होणार: लेख जतन होताना, दाखवताना, शोधताना, की ठरावीक वेळी? शेवटचं असेल तर लक्षात ठेवा, वर्डप्रेसचं वेळापत्रक कोणी साइटला भेट दिली तरच पुढे सरकतं. दिवसाला पाच वाचक असलेल्या ब्लॉगवर पहाटे सहाचा लेख दहा वाजता लागतो तो यामुळेच. आणि हो, ‘तुमचा ठरलेला लेख अजून लागलेला नाही’ असं सांगणारं साधन हीसुद्धा एक कल्पनाच आहे.

प्लगइन बंद केल्यावर काय उरतं, ही कसोटी बरेच जण विसरतात. शॉर्टकोडवर, म्हणजे लेखात चौकटी कंसात लिहायच्या सांकेतिक शब्दावर, बांधलेलं प्लगइन काढलं की चौकटी कंसातला कोड वाचकाला जसाच्या तसा दिसतो, आणि तोही शेकडो जुन्या लेखांत. माहिती लेखाच्या मेटामध्ये, म्हणजे मजकुराबाहेरच्या वेगळ्या नोंदीत, ठेवून दाखवताना जोडली तर बंद केल्यावर लेख स्वच्छ राहतो.

बाहेरच्या सेवेवर अवलंबून असलेल्या कल्पना वेगळ्या ढिगात ठेवा. ऑक्टोबर २०२० मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामने बिनपरवाना एम्बेड (त्यांच्या पोस्ट दुसऱ्या साइटवर दाखवण्याची सोय) बंद केले आणि वर्डप्रेसला ती सोय गाभ्यातून काढावी लागली. एवढ्या मोठ्या प्रकल्पावर जी वेळ येते ती एकट्याने चालवलेल्या प्लगइनवर कुठल्याही महिन्यात येऊ शकते. ईमेल पाठवणं, पैसे घेणं, कॅशिंग (पानांची तयार प्रत साठवून ठेवणं) यांतही शिरताना विचार करा. कोड लिहून होतो, पण प्रत्येक होस्टिंगवरचा वेगळा बिघाड वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

कोडआधी हाताने, मग एका फायलीत

उरलेल्या दोन-तीन कल्पना आठवडाभर हाताने करून बघा. मालिकेच्या लिंक तुम्ही स्वतः लेखकासाठी घालून द्या. तीन लेखांतच कळेल की त्याला ‘मागचा-पुढचा’ पुरतो, की पूर्ण यादी हवी, की भाग मध्येच घुसवण्याची सोय हवी. हे बैठकीत कोणालाच सुचत नाही.

त्यानंतरचा नमुना एकाच पीएचपी फायलीत, सेटिंगचा पडदा न करता. दाखवण्यासाठी वर्डप्रेस प्लेग्राउंड वापरा. ते ब्राउझरमध्येच चालतं, होस्टिंग लागत नाही, आणि बिघडलं तर पान पुन्हा उघडलं की झालं. चाचणीच्या मजकुरात ‘नमस्कार जग’ नको. जोडाक्षरं, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ‘ऱ्या’, ॲ-ऑ, कंसातले आकडे आणि इंग्रजी शब्द मिसळलेले खरे परिच्छेद घ्या, आणि निदान हजारभर लेख असलेल्या प्रतीवर शोध किती वेळ घेतो ते मोजा.

भांडारात पाठवताना नाव विचारपूर्वक ठेवा. मंजुरीनंतर पत्त्यातलं नाव बदलता येत नाही, आणि ‘वर्डप्रेस’ने किंवा दुसऱ्या कोणाच्या व्यापारचिन्हाने सुरू होणारं नाव स्वीकारलं जात नाही. थोडक्या वर्णनाला १५० खुणा मिळतात आणि टॅग पाचच दाखवले जातात. त्या वर्णनात पारखीच्या वेळी लिहिलेलं एक वाक्य टाका, आणि टॅगसाठी लेखकांनी नोंदवहीत वापरलेले शब्द घ्या. शोधणारा तेच टाइप करतो.